तांबे आणि मॅग्नेशियम : दोन धातुकुळांच्या गुणधर्मांचा तौलनिक इतिहास

प्रस्तावना

धातूंच्या इतिहासाची मांडणी बहुधा जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे केली जाते. कोपनहेगन येथील संग्रहालयाचे ख्रिश्चन युर्गेनसेन थॉमसेन यांनी १८३६ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत पाषाणयुग, कांस्ययुग व लोहयुग असा क्रम लावून दिला, आणि पुढील लेखकांनी त्याच जिन्याला पोलाद, ॲल्युमिनियम व मॅग्नेशियम यांच्या पायऱ्या जोडल्या. प्रत्येक नवा धातू जुन्या धातूपेक्षा गुणांनी सरस असतो व म्हणूनच तो जुन्याची जागा घेतो, हे गृहीतक या मांडणीच्या मुळाशी आहे. तांब्याचे मिश्रधातू आणि मॅग्नेशियमचे मिश्रधातू यांची तुलना केल्यास मात्र हे गृहीतक टिकत नाही. एकाचा इतिहास किमान सहा हजार वर्षांचा, तर दुसऱ्याचा जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांचा. एक जड, तर दुसरा उपयोगात असलेल्या रचनात्मक धातूंमध्ये सर्वांत हलका. तरीही मॅग्नेशियमने तांब्याची जागा घेतलेली नाही. उलट, मॅग्नेशियमच्या इतिहासातील एक महत्त्वाचे पान असे आहे की, त्यात तांब्याचा अंश किती असावा या प्रश्नावर त्या धातूचे भवितव्य अवलंबून राहिले.

प्रस्तुत निबंधात या दोन धातुकुळांचे घनता, बळ, घडणसुलभता, क्षरण व ज्वलनशीलता हे गुणधर्म त्यांच्या ऐतिहासिक संदर्भात तपासले आहेत. गुणधर्मांचे आकडे कोणत्याही हस्तपुस्तिकेत मिळतात. ते आकडे कोणत्या काळात, कोणाच्या हातात व कोणत्या कामासाठी गुण ठरले अथवा दोष ठरले, हा इतिहासाचा विषय होय.

दायमाबाद : मिश्रण हाच पुरावा

महाराष्ट्राच्या संदर्भात तांब्याचा विचार दायमाबादपासून करणे क्रमप्राप्त आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरा नदीच्या काठी असलेल्या या स्थळी १९७४ साली एका स्थानिक शेतकऱ्यास चार भरीव ओतीव वस्तू सापडल्या : बैलजोडी जुंपलेला व सारथी उभा असलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही वस्तूंचे एकत्रित वजन ६० किलोग्रॅमहून अधिक आहे. म. न. देशपांडे, एस. आर. राव व एस. ए. साळी यांनी वेगवेगळ्या वर्षी केलेल्या उत्खननांतून दायमाबादच्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचा क्रम स्पष्ट झाला. म. के. ढवळीकर प्रभृती अभ्यासकांनी या वस्तू उत्तर हडप्पा काळात, म्हणजे इसवी सनपूर्व सुमारे २००० च्या आसपास ठेवल्या.

तथापि या कालनिश्चितीवर आक्षेप घेतला गेला, आणि तो धातूच्या घटकांवरून घेतला गेला. वस्तू शास्त्रशुद्ध उत्खननात सापडलेल्या नव्हत्या. शिवाय त्यांच्या तांब्यात आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक आढळले. डी. पी. अग्रवाल यांनी या प्रमाणाकडे लक्ष वेधून, भारतातील ताम्रपाषाणयुगीन वस्तूंशी ते जुळत नाही असे प्रतिपादन केले. हा वाद येथे सोडवावयाचा नाही. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, मिश्रधातूचे घटक हे इतिहासकाराच्या दृष्टीने केवळ तांत्रिक तपशील नसतात. अभिलेखाप्रमाणे तेही वाचावे लागतात आणि अभिलेखाप्रमाणेच त्यांचे एकाहून अधिक अर्थ लागू शकतात.

आर्सेनिक तांब्यात का असावे? शुद्ध तांबे ओतण्यास अवघड असते. वितळलेल्या अवस्थेत ते वायू शोषून घेते व गोठताना त्यात पोकळ्या राहतात. अल्प आर्सेनिकामुळे रस अधिक सुरळीत वाहतो, ऑक्सिजन बांधला जातो, व थंड अवस्थेत ठोकल्यावर धातू अधिक कठीण होतो. कथलाने हीच कामे अधिक चांगली होतात व त्याची विषारी वाफही होत नाही. परंतु दख्खनमध्ये कथलाच्या खाणी नाहीत. मऊ केलेल्या शुद्ध तांब्याचे ताणबल सुमारे २२० मेगापास्कल व ब्रिनेल काठिण्य ५० च्या आसपास असते. दहा टक्के कथील मिसळून ठोकलेल्या कांशाचे काठिण्य २०० पर्यंत जाते. नुसत्या ठोकण्याने कठीण झालेल्या तांब्याच्या ते दुप्पट आहे. कांस्ययुग या नावामागील भौतिक वस्तुस्थिती ती हीच.

कथील मात्र वाढवत नेले म्हणजे धातू सुधारतच जातो असे नाही. विजापूर येथील मलिक-ए-मैदान ही तोफ १५४९ साली अहमदनगर येथे मुहम्मद बिन हुसेन रूमी याने ओतली. तिच्या धातूत सुमारे ८० टक्के तांबे व २० टक्के कथील असल्याचे विश्लेषण उपलब्ध आहे. हे प्रमाण तोफेचे नव्हे, घंटेचे होय. घंटेचा धातू कठीण व नादमय असतो, तथापि ठिसूळही असतो. युरोपातील तोफा बहुधा आठ ते दहा टक्के कथलाच्या असत. सुमारे ५५ टन वजनाच्या या तोफेने ठिसूळपणाची उणीव जाडीने भरून काढली आणि त्याची किंमत वजनाच्या रूपाने मोजली. सतराव्या शतकात ती परांड्याहून विजापूरला नेली गेली, त्या प्रवासाच्या कथाच तिच्या माऱ्याच्या कथांपेक्षा अधिक प्रसिद्ध आहेत.

घनतेचे ज्ञान आकड्यांवाचूनही होते. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील ग्रंथात मेणाची मूर्ती करून, तिच्यावर मातीचे लेप देऊन धातू ओतण्याचा मधूच्छिष्ट विधी वर्णिला आहे. त्यात मेणाच्या वजनावरून धातूचे वजन ठरवण्याची रीत दिलेली असून तांबे-पितळ, चांदी व सोने यांसाठी निरनिराळे पट सांगितले आहेत. हे पट म्हणजे व्यवहारात उतरलेली सापेक्ष घनताच होय.

तांबटाची हातोडी आणि स्फटिकांची घसरण

तांब्याचा जो गुण दैनंदिन जीवनात सर्वांत खोल मुरला तो बळाचा नसून घडणसुलभतेचा आहे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत पत्र्यापासून घागर, हंडा, बंब घडवताना तांबट तो पत्रा थंड अवस्थेत ठोकतो. ठोकता ठोकता धातू ताठर होतो, मग तो भट्टीत तापवून पुन्हा मऊ केला जातो व पुन्हा ठोकला जातो. शेवटी गुळगुळीत हातोडीने भांडे मठारले जाते. मठारण्यामुळे उमटणारे चकचकीत ठिपके शोभेचे समजले जातात. वस्तुतः त्यांनी भांड्याची बाहेरील कातडी कठीण होते व पातळ पत्र्यालाही ताठपणा येतो.

हे शक्य होते ते तांब्याच्या स्फटिकरचनेमुळे. तांब्याचे अणू पृष्ठकेंद्रित घनाकार जाळीत रचलेले असतात. या जाळीत अणूंचे थर एकमेकांवरून घसरण्याचे बारा मार्ग उपलब्ध असतात. हातोडीचा घाव कोणत्याही दिशेने पडला तरी त्यांपैकी काही मार्ग अनुकूल असतातच. म्हणून धातू तुटण्याऐवजी सरकतो. मॅग्नेशियमची जाळी षट्कोनी आहे. सामान्य तापमानास तिच्यात थर सहजपणे घसरतात ते केवळ षट्कोनाच्या तळाला समांतर असलेल्या एकाच प्रतलावर. घाव त्या दिशेने नसेल तर स्फटिक थोडा मुरडतो आणि मग चिरतो. मॅग्नेशियमचा पत्रा वाकवावयाचा असल्यास तो साधारणतः २०० अंश सेल्सिअसच्या वर तापवावा लागतो. त्या तापमानास घसरणीचे इतर मार्ग खुले होतात.

याचा ऐतिहासिक अर्थ असा की, मॅग्नेशियमला तांबटाचा वर्ग कधीच लाभला नाही. तांब्याचे ज्ञान हजारो वर्षे हातांतून हातांत गेले. नियंत्रित तापमानाचे दाबयंत्र व साचा नसताना मॅग्नेशियम घडवता येत नाही. तो जन्मापासून कारखान्याचा धातू आहे आणि त्याची मुख्य रीत ठोककामाची नसून दाब-ओतकामाची आहे. मॅग्नेशियम ६५० अंशांस वितळते, तर तांबे १०८५ अंशांस. कमी तापमान, पाण्यासारखा पातळ रस व लोखंडी साच्याला न चिकटण्याची प्रवृत्ती यांमुळे मॅग्नेशियमचे अत्यंत पातळ भिंतींचे भाग एका दाबात ओतता येतात. तांब्याचे मिश्रधातू एवढ्या तापमानास पोलादी साचे लवकर खातात. घडणसुलभता हा शब्द एकच असला तरी दोन धातूंच्या बाबतीत तो दोन वेगवेगळ्या कामगारसमाजांविषयी बोलतो.

वाफ होणारे धातू

जस्त व मॅग्नेशियम या दोन धातूंच्या उत्पादनात एक साम्य आहे, ज्याची दखल धातुविद्येच्या इतिहासात पुरेशी घेतली जात नाही. दोन्ही धातू खनिजातून सुटतात त्या तापमानास त्यांची वाफ होते. जस्त ९०७ अंशांस उकळते, म्हणून साध्या भट्टीत ते हाती लागण्यापूर्वीच धुरातून निघून जाते. प्राचीन काळी पितळ बनवले जाई ते जस्ताशिवायच. तांब्याचे तुकडे, जस्ताचे खनिज व कोळसा बंद मुशीत तापवून. जस्ताची वाफ तांब्यात शिरे आणि पितळ तयार होई. या मार्गाने पितळेत साधारणतः २८ टक्क्यांहून अधिक जस्त जाऊ शकत नसे. कौटिलीय अर्थशास्त्रात आरकूट या नावाने पितळेचा उल्लेख येतो तो याच परंपरेतील असावा.

राजस्थानातील उदयपूरनजीक जावर येथे मध्ययुगात ही मर्यादा ओलांडली गेली. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशींत खनिज भरून, त्यांची तोंडे खाली ठेवून एका भट्टीत अशा ३६ मुशी तापवल्या जात. जस्ताची वाफ नळीवाटे खाली उतरून थंड कप्प्यात गोठे. रसरत्नसमुच्चय या ग्रंथातील वृंताक मूषेचे वर्णन या अवशेषांशी जुळते. स्वतंत्र जस्त हाती आल्यामुळे पितळेचे प्रमाण इच्छेप्रमाणे ठरवता येऊ लागले.

आता १९४० च्या दशकारंभीचा कॅनडा पाहावा. लॉइड पिजन यांनी विकसित केलेल्या पद्धतीत भाजलेले डोलोमाइट व फेरोसिलिकॉन यांचे गोळे पोलादी नळ्यांत भरून, निर्वातात सुमारे १२०० अंशांपर्यंत तापवले जातात; मॅग्नेशियमची वाफ नळीच्या थंड टोकाशी जाऊन घट्ट होते. बंद पात्र, वाफ, थंड टोक : जावर आणि पिजन यांची युक्ती तत्त्वतः एकच आहे. दोघांत काही थेट संबंध असल्याचे सुचवावयाचे नाही. पदार्थाचा गुणधर्म समान असला की माणसाला सुचणारा उपायही कित्येकदा समान असतो. जगातील बहुतांश मॅग्नेशियम एकविसाव्या शतकात चीनमध्ये, मुख्यतः याच पद्धतीने तयार होऊ लागले. २०२१ च्या शरद ऋतूत तेथे वीजकपातीमुळे भट्ट्या थांबल्या, तेव्हा युरोपातील ॲल्युमिनियम व मोटार उद्योग हादरले.

हलका धातू आणि त्याचा अंतर्गत शत्रू

हंफ्री डेव्ही यांनी १८०८ साली विद्युत् विच्छेदनाने मॅग्नेशियम प्रथम वेगळे केले. रॉबर्ट बुन्सेन यांनी १८५२ मध्ये वितळलेल्या मॅग्नेशियम क्लोराइडपासून ते मिळवण्याची रीत दाखवली व आजचे एक प्रमुख उत्पादनतंत्र त्यातून आले. पुढील अर्धशतक मात्र या धातूचा उपयोग बांधणीसाठी नव्हे, तर प्रकाशासाठी झाला. जळताना पडणाऱ्या पांढऱ्याशुभ्र उजेडात १८६४ पासून छायाचित्रे घेतली जाऊ लागली, आणि १८६५ मध्ये चार्ल्स पियाझी स्मिथ यांनी गिझाच्या महापिरॅमिडचा अंतर्भाग याच उजेडात टिपला. एखाद्या धातूची कीर्ती त्याच्या जळण्यावरून सुरू व्हावी, हे पुढील इतिहासाच्या दृष्टीने बोलके आहे.

बांधणीचा धातू म्हणून मॅग्नेशियमचा प्रवेश झाला तो १९०९ साली फ्रँकफर्ट येथील विमान प्रदर्शनात. ग्रीसहाइम-एलेक्ट्रॉन या जर्मन रासायनिक कंपनीने ॲल्युमिनियम व जस्त मिसळलेला आपला मिश्रधातू एलेक्ट्रॉन या नावाने तेथे मांडला. घनतेचे आकडे मोहक होते : मॅग्नेशियम १.७४, ॲल्युमिनियम २.७, पोलाद ७.८५ आणि तांबे ८.९६ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. ज्या वर्षी ब्लेरिओने इंग्लिश खाडी विमानाने ओलांडली त्या वर्षी हे आकडे किती महत्त्वाचे वाटले असतील, याची कल्पना येऊ शकते.

अडचण निघाली ती क्षरणाची. मॅग्नेशियमचे प्रमाण विद्युत् विभव उणे २.३७ व्होल्ट, तर तांब्याचे अधिक ०.३४ व्होल्ट आहे. म्हणजे मॅग्नेशियम इलेक्ट्रॉन सोडण्यास अत्यंत उत्सुक असते. भर पडते ती ऑक्साइडच्या थराची. मॅग्नेशियमचे ऑक्साइड ज्या धातूपासून होते त्याच्या सुमारे ०.८ पट जागाच व्यापते, त्यामुळे ते धातूला पूर्ण झाकू शकत नाही. तांब्याचे ऑक्साइड दीडपटीहून अधिक जागा व्यापते व घट्ट बसते. तांब्यावर कालांतराने जो हिरवा थर चढतो तो पुढील झीज मंदावतो. न्यूयॉर्क येथील स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीचा ताम्रपत्रा १८८६ पासून सागरी हवेत उभा आहे. १९८० च्या दशकात दुरुस्ती करावी लागली ती मुख्यतः आतील लोखंडी सांगाड्याची. राष्ट्रकूट, शिलाहार व यादव राजांची दानपत्रे तांब्यावर कोरली गेली, कारण ती जमिनीत पुरली तरी अक्षरे राहतात हे अनुभवाने ठाऊक होते. ताम्रपट हा शब्दच टिकाऊपणाची हमी झाला. मॅग्नेशियमपट ही कल्पना करून पाहिली तरी पुरे.

सुरुवातीची अनेक वर्षे मॅग्नेशियमचे क्षरण हा त्याचा उपजत स्वभाव समजला गेला. एकाच कृतीचे दोन नमुने समुद्राच्या पाण्यात ठेवले तर एक दिवसांत पोखरला जाई व दुसरा महिनोन्‌महिने टिके, याचा उलगडा होत नव्हता. अमेरिकेतील डाऊ केमिकल कंपनीचे हॅनावॉल्ट, नेल्सन व पेलुबे यांनी १९४२ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने तो केला. शुद्ध मॅग्नेशियमला लोहाचा ०.०१७ टक्का, निकेलाचा ०.०००५ टक्का आणि तांब्याचा सुमारे ०.१ टक्का अंश सहन होतो. त्यापलीकडे क्षरणाचा वेग एकदम अनेक पटींनी वाढतो. या अशुद्धींचे सूक्ष्म कण धातूच्या अंगातच विद्युत् घट तयार करतात व भोवतालचे मॅग्नेशियम विरघळवतात. याचा अर्थ, दोष मॅग्नेशियमचा जेवढा होता त्याहून अधिक तो लोखंडी कढयांचा व मोडीतून आलेल्या तांब्याचा होता. मॅंगनीज घालून लोह खाली बसवण्याची युक्ती त्यापूर्वीच रूढ होऊ लागली होती. तरीही उच्च शुद्धतेचा एझेड ९१ डी हा मिश्रधातू बाजारात येण्यास १९८० चे दशक उजाडावे लागले. त्यात तांब्याची कमाल मर्यादा ०.०३ टक्के ठेवलेली आहे. मिठाच्या फवाऱ्याखाली हा मिश्रधातू साध्या मृदू पोलादापेक्षाही अधिक टिकतो, ही गोष्ट आजही अनेकांस आश्चर्याची वाटते.

दरम्यानच्या चार दशकांत मॅग्नेशियमची जी बदनामी झाली ती पुसली गेली नाही. पदार्थाचा गुणधर्म आणि पदार्थाची कीर्ती या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि अभियंत्यांचे निर्णय दुसरीवरही चालतात.

आग

कीर्तीचा दुसरा भाग ज्वलनाशी संबंधित आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने शहरांवर टाकलेल्या एक किलोग्रॅम वजनाच्या आगबॉम्बची कवचे एलेक्ट्रॉनची होती, व ब्रिटनचा चार पौंडी आगबॉम्बही मॅग्नेशियमचाच होता. ज्या धातूने विमानाचे वजन घटवले तोच धातू त्या विमानातून खाली टाकला जात होता. याच काळात डाऊ कंपनीने टेक्सासमधील फ्रीपोर्ट येथे १९४१ च्या जानेवारीत समुद्राच्या पाण्यातून मॅग्नेशियम काढण्यास प्रारंभ केला. एका लिटर समुद्रजलात हा धातू सुमारे १.३ ग्रॅम असतो. खाणीची गरज नसलेला धातू म्हणून त्याचे कौतुक झाले. शांतता येताच ही मागणी ओसरली.

११ जून १९५५ रोजी ल मां येथील मोटारशर्यतीत मर्सिडीझ-बेंझ ३०० एसएलआर ही गाडी प्रेक्षकांच्या बाजूच्या कठड्यावर आदळली. चालक पिएर लव्हेग व ८० हून अधिक प्रेक्षक मृत्युमुखी पडले. गाडीचे बाह्यांग एलेक्ट्रॉनचे होते. इंधनाच्या आगीत ते पेटले आणि त्यावर पाणी मारले गेले तेव्हा आग अधिक भडकली. कारण तप्त मॅग्नेशियम पाण्यातून हायड्रोजन मोकळा करते. जळत्या मॅग्नेशियमवर कार्बन डायऑक्साइडही निरुपयोगी ठरतो. १९६८ मध्ये रुआँ येथील फ्रेंच ग्रां प्री शर्यतीत होंडाच्या मॅग्नेशियमप्रधान गाडीत जो श्लेसर यांचाही असाच अंत झाला.

या घटनांचे वाचन करताना सावधगिरी आवश्यक आहे. ल मां येथील बहुतेक प्रेक्षकांचा बळी आगीने नव्हे, तर गाडीपासून सुटून गर्दीत घुसलेल्या इंजिन, पुढील आस व बॉनेट यांनी घेतला. कठडा ठेंगणा होता आणि मार्ग अरुंद. तथापि लोकस्मृतीत पांढऱ्या ज्वाळा राहिल्या. प्रयोगशाळेत पाहिले तर मॅग्नेशियमचा जाड तुकडा सहजी पेटत नाही, कारण उष्णता त्यात झपाट्याने पसरते. कीस व भुकटी मात्र ठिणगीनेही पेटतात. विमानातील आसनांसाठी मॅग्नेशियम वापरण्यावरील बंदी या फरकाची रीतसर चाचणी झाल्यानंतर २०१० च्या दशकात शिथिल झाली. तांब्याच्या बाबतीत असा प्रश्नच उद्भवत नाही. दारूगोळ्याच्या कोठारात ठिणगी न पाडणारी हत्यारे तांब्याच्या मिश्रधातूंचीच असतात.

शर्यतीच्या मार्गाबाहेर मॅग्नेशियम निमूटपणे वापरले जात होते. फोल्क्सवागनच्या बीटल गाडीच्या इंजिनाचे व गिअरपेटीचे कवच मॅग्नेशियमचे असे. १९७१ साली या कंपनीचा वार्षिक वापर सुमारे ४२,००० टनांवर पोहोचला होता. पाण्याने थंड होणारी इंजिने आल्यावर तो कोसळला. वाढलेल्या तापमानास हा मिश्रधातू हळूहळू सैल पडतो, हे त्याचे एक कारण होय.

तुलनेचा निकष कोणता?

दोन्ही कुळांची समोरासमोर तुलना केली तर निकषाप्रमाणे निकाल फिरतो. ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असलेल्या, थंड ठोकून कठीण केलेल्या पितळेचे ताणबल ५०० मेगापास्कलच्या पुढे जाते; एझेड ९१ चे सुमारे २३०. परंतु या बळाला घनतेने भागले तर पितळेस ६० च्या आसपास व एझेड ९१ ला १२५ च्या आसपास अंक मिळतो. येथे मॅग्नेशियम दुप्पट सरस. मात्र दोन टक्के बेरिलियम मिसळून मुरवलेल्या तांब्याचे बळ १३०० मेगापास्कलच्या घरात जाते, आणि वजनागणिक बळातही तो एझेड ९१ ला मागे टाकतो. जड धातू म्हणजे वजनाच्या हिशेबात दुबळा धातू, हे समीकरण सरसकट खरे नाही.

ताठपणाची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. मॅग्नेशियमचा स्थितिस्थापकता गुणांक ४५ गिगापास्कल, तांब्याचा १२५ च्या आसपास. घनतेने भागल्यास मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम व पोलाद हे तिन्ही जवळजवळ समान, म्हणजे २६ च्या आसपास येतात; तांबे १४ वर राहते. ओढून ताणल्या जाणाऱ्या सळईसाठी मॅग्नेशियम पोलादापेक्षा काहीच वाचवत नाही. वाकणाऱ्या फळीच्या बाबतीत मात्र जाडीचा घन मोजला जातो, व हलका धातू जाड वापरता येतो. समान ताठ फळीसाठी मॅग्नेशियमचे वजन तांब्याच्या साधारण पाव भरते. लॅपटॉपची कवचे व मोटारींच्या दर्शनी पट्टीमागील सांगाडे मॅग्नेशियमचे असतात ते याच गणितामुळे.

स्वयंपाकघराने तर निराळाच निकष लावला. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक, चिंचेची आमटी वा लोणचे ठेवले तर ते कळकते, हे मराठी गृहिणीस रसायनशास्त्र न शिकताही माहीत होते. त्यावर कल्हईचा उपाय होता. नवसागर व तापलेल्या भांड्यावर फिरवलेले कथील हा तांब्याच्या दोषावर समाजाने बसवलेला कायमचा कर होता, आणि तो भरत राहिले तर भांडे तीन पिढ्या टिके. मॅग्नेशियमचे क्षार तुलनेने निरुपद्रवी. ते औषध म्हणून पोटातही घेतले जातात. परंतु त्या धातूच्या भांड्यात ताक ओतल्यास बुडबुडे येऊन भांडेच विरघळू लागेल. विषारी असूनही टिकणारा धातू आणि निर्विष असूनही न टिकणारा धातू, यांतून निवड करताना घराने पहिल्याची कल्हई करून घेणे पसंत केले.

विरघळण्याचा उपयोग

क्षरण हा दोषच असतो असे मानण्याचे कारण नाही, हे प्रथम डेव्ही यांनाच काहीशा मनस्तापाने शिकावे लागले. अठराव्या शतकात ब्रिटिश आरमाराने लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा लावण्यास सुरुवात केली. १७६१ मध्ये अलार्म या जहाजावर झालेल्या पहिल्या प्रयोगात तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे झपाट्याने गंजल्याचे दोन वर्षांनी दिसून आले. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने आरमारासाठी बांधलेली सागवानी जहाजे याच ताम्रवेष्टित पिढीतील होत. पत्रा झिजतो म्हणून आरमाराने डेव्ही यांचा सल्ला घेतला. त्यांनी १८२४ साली तांब्याला जस्ताचे वा लोखंडाचे तुकडे जोडावे असे सुचवले. अधिक सक्रिय धातू स्वतः झिजेल व तांबे वाचेल. तर्क बिनचूक होता आणि तांबे खरोखरच झिजेनासे झाले. पण त्याबरोबर तळाला शिंपले व शेवाळ चिकटू लागले आणि जहाजे मंदावली. तांबे विरघळत होते म्हणूनच समुद्रातील जीव त्यावर बसत नव्हते. आरमाराने डेव्ही यांचे रक्षक तुकडे काढून टाकले. पुढे १८३२ मध्ये जॉर्ज मुंट्झ यांनी ६० टक्के तांबे व ४० टक्के जस्त यांचा जो स्वस्त पत्रा आणला, तो पुरेसा झिजे व पुरेसा टिके.

मॅग्नेशियमच्या बाबतीत हाच धडा शल्यचिकित्सेत मिळाला. बेल्जियममधील अल्बिन लांबोत यांनी १९०६ साली एका तरुणाच्या पायाचे मोडलेले हाड मॅग्नेशियमच्या पट्टीने व सोन्याचा मुलामा दिलेल्या पोलादी खिळ्यांनी जोडले. आठ दिवसांत पट्टी विरघळून कातडीखाली वायू साठला. सोने आणि मॅग्नेशियम शरीराच्या खारट द्रवात एकत्र आले होते. अलार्म जहाजाचा तळ जणू मानवी पायात पुन्हा उभा राहिला होता. पोलाद व टायटॅनियमच्या जमान्यात हा मार्ग जवळपास सोडला गेला. उच्च शुद्धतेच्या मिश्रधातूंमुळे विरघळण्याचा वेग आवाक्यात आल्यावर हॅनोव्हर येथील सिंटेलिक्स कंपनीच्या मॅग्नेशियमच्या अस्थिस्क्रूला २०१३ साली युरोपात मान्यता मिळाली. हाड सांधल्यावर हा स्क्रू शरीरातच हळूहळू नाहीसा होतो व तो काढण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागत नाही.

डेव्ही यांची कल्पना जहाजांवरून उतरली तरी वाया गेली नाही. घरोघरच्या विजेच्या गिझरमध्ये पाणी तापवणारे वेटोळे पुष्कळदा तांब्याचे असते, टाकी पोलादाची असते, आणि आत मॅग्नेशियमची एक कांडी टांगलेली असते. पाण्यात इतर धातूंनी झिजावे त्याऐवजी ती झिजते. खारट वा जड पाण्याच्या भागात एक-दोन वर्षांत तिची जाडी बोटाची काडी होते आणि ती बदलावी लागते. न बदलल्यास टाकी गळू लागते, वेटोळे मात्र बहुधा शाबूत सापडते.